न्यायमूर्ती आपला असावा की न्यायाचा?

रविवारची वंदना आटोपली, सरणत्तय झाले आणि नेहमीप्रमाणे कोलशेतच्या आमच्या विहारात चटईवर बसूनच चहा फिरू लागला. वर्तमानपत्रात उच्च न्यायालयातील नेमणुकांची बातमी होती. ती कुणीतरी वाचून दाखवताच कोपऱ्यात बसलेले काका म्हणाले, "बाकीचं राहू द्या. यात आपला कोण आहे तेवढं सांगा."

हे काका म्हणजे १४ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई भारताचे सरन्यायाधीश झाले, त्या दिवशी स्वतःच्या खिशातून वस्तीभर पेढे वाटणारे गृहस्थ. अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यात वाढलेला, नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला, दादासाहेब गवईंचा मुलगा देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसला. त्या आसनावर बसलेला पहिला बौद्ध! पेढे आम्हीही खाल्ले आणि डोळेही पुसले, हे लपवण्याचे काही कारण नाही.

पण कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली वस्तीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "काका, ऑगस्ट २०२४ मध्ये उपवर्गीकरणाचा निकाल लागला तेव्हा तुम्हीच म्हणत होतात ना, आपला असून आपल्याच विरोधात गेला म्हणून?"

सगळे गप्प झाले. मुलगी खोटे बोलत नव्हती. काकांनी पेला खाली ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता. मग एकदा सांगूनच टाका, चांगला जज्ज ओळखायचा कसा?"

आम्ही वकील नाही. पण प्रश्न आमच्या वस्तीचा आहे आणि टाळण्यासारखा नाही, म्हणून आजचे सदर त्यालाच देत आहोत.

प्रथम राज्यघटना काय म्हणते ते पाहू. कलम २१७ नुसार उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास भारतीय नागरिकत्व लागते आणि दहा वर्षे न्यायिक पदावर काम केलेले असावे लागते किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयाची वकिली केलेली असावी लागते. वयाच्या बासष्टाव्या वर्षी निवृत्ती. पात्रता म्हणून कागदावर एवढेच आहे. शिपायाच्या जागेलासुद्धा अर्ज, जाहिरात व यादी असते. या पदाला जाहिरात नाही, परीक्षा नाही, आरक्षण नाही. १९९३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून नावे सुचवण्याचे काम मुख्यतः ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे, म्हणजे कॉलेजियमकडे आहे. नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीने होते. २०१४ साली संसदेने यासाठी वेगळा आयोग आणला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला. तुम्हा-आम्हाला या निवडीत मत नाही.

मत नाही, मग गुणांची चर्चा कशाला? कारण गरिबाचे शेवटचे दार बहुधा उच्च न्यायालय हेच असते. दिल्लीचे भाडे आणि तिथल्या वकिलाची फी किती जणांना परवडते? झोपडी तोडण्याची नोटीस येवो, पोलीस तक्रार घेत नसोत, नोकरीवरून काढलेले असो, कलम २२६ खालचा अर्ज इथेच करायचा. जात पडताळणी समितीने पोराचा दाखला नाकारला, तर महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे त्यावर दाद फक्त उच्च न्यायालयातच मागता येते. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रात १९९० साली मिळाल्या. पण त्या सवलती एखाद्या घरातल्या मुलीला प्रत्यक्ष मिळणार की नाही, हे कधी कधी त्या खुर्चीवरच्या एका माणसाच्या हाती असते. तो माणूस कसा असावा, हे आपल्याला कळलेच पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेबांनी २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना एक गोष्ट स्पष्टच सांगितली होती. सरन्यायाधीश ही थोर व्यक्ती असते हे खरे. परंतु शेवटी तोही माणूसच. सामान्य माणसात असणारे दोष, भावना आणि पूर्वग्रह त्याच्यातही असू शकतात. म्हणून नेमणुकीचा सर्व अधिकार त्या एकाच्या हाती देऊ नये, असा त्यांचा अभिप्राय होता. न्यायाधीशाला देव मानू नका, हा धडा आम्ही यातून घेतो. देव मानला की गुण-दोष पाहणे थांबते.

मग हे दोष ओळखायचे कसे? त्यासाठी आम्हाला लांब जावे लागत नाही. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, त्यात माणूस कोणत्या चार वाटांनी अन्यायाकडे जातो ते सांगितले आहे. त्यांना चार अगती म्हणतात: छंद, दोस, मोह आणि भय. म्हणजे पक्षपात, द्वेष, अज्ञान आणि भीती. उपदेश गृहस्थाला केलेला आहे, पण उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला पारखायला याहून चांगले माप आम्हाला तरी सापडलेले नाही.

पहिली अगती, छंद. आपल्या माणसाकडे झुकणे. काकांचा प्रश्न इथेच येतो. "यात आपला कोण" हे विचारताना आपण नकळत झुकणारा न्यायाधीश मागत असतो. फक्त तो आपल्या बाजूला झुकावा एवढीच इच्छा असते. पण आपल्याकडे झुकणारा चालतो असे एकदा मान्य केले, की दुसऱ्याकडे झुकणाऱ्याबद्दल तक्रार करण्याचा आपला हक्क संपतो. आणि झुकणारे दुसऱ्या बाजूला नेहमीच जास्त असणार, हे आपण आजवर भोगलेले आहे.

न्यायमूर्ती गवईंचेच उदाहरण घ्या. जुलै २०२३ मध्ये राहुल गांधी यांच्या शिक्षेचा विषय त्यांच्या खंडपीठापुढे आला. तेव्हा त्यांनी सुरुवातीलाच सांगितले, की आपल्या वडिलांचा काँग्रेसशी निकटचा संबंध होता आणि बंधू अजूनही राजकारणात आहेत. कुणाची हरकत असेल तर सांगावे. दोन्ही बाजूंनी हरकत नाही म्हटल्यावरच काम पुढे गेले. ज्याला आपला छंद कुठे असू शकतो हे माहीत असते आणि जो ते भर कोर्टात बोलून दाखवतो, त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही, हेही त्यांनी आधीच जाहीर केले होते.

आता तो अवघड निकाल. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली. न्यायमूर्ती गवई बहुमतात होते व अनुसूचित जातींमधील संपन्न थर वेगळा काढावा, असे मतही त्यांनी लिहिले. २१ ऑगस्टला भारत बंद झाला, आपल्यातले पुष्कळ जण त्यात होते. क्रीमी लेयरबद्दलचे ते मत आम्हाला आजही पटत नाही. अस्पृश्यतेचा डाग पगाराने धुतला जात नाही, असे आमचे म्हणणे आहे. पण आमचे म्हणणे त्यांच्या कारणांशी आहे, कारणे त्यांनी लिहून दिलेली आहेत, ती वाचून खोडता येतात. 'घरचा असून फिरला' ही तक्रार मात्र आम्ही करणार नाही. न्यायाधीश घरचा नसतोच.

मग आपल्यातले लोक न्यायासनावर नकोत का? हवेत, नक्कीच हवेत. केंद्र सरकारने संसदेत वेळोवेळी दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या न्यायमूर्तींत अनुसूचित जातींचे प्रमाण शंभरात साधारण तीन एवढेच भरते. ही गोष्ट लाजिरवाणी आहे. पण आपला माणूस तिथे का हवा याचे खरे कारण तिसऱ्या अगतीत आहे, तिकडे थोड्या वेळाने येऊ.

दुसरी अगती, दोस म्हणजे द्वेष, राग. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात एका वकिलाने सरन्यायाधीश गवईंच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. आपल्या घराघरांत त्या रात्री जेवण गोड लागले नाही. त्यांनी स्वतः मात्र समोरच्या वकिलांना लक्ष विचलित होऊ न देण्यास सांगितले आणि पुढचे काम चालू ठेवले. त्या वकिलावर फिर्यादही पुढे रेटली नाही. यात दुबळेपणा होता असे म्हणणारे आपल्यातही भेटले. आम्हाला तसे वाटत नाही. त्या क्षणी त्यांच्यापुढे ज्याचे प्रकरण चालले होते, त्या पक्षकाराचा त्या बुटाशी काय संबंध? न्यायाधीश चिडला की शिक्षा भलत्यालाच होते. वकिलावर खेकसणारा, अशिलाचे मळके कपडे बघून कपाळाला आठ्या घालणारा न्यायाधीश कितीही विद्वान असो, त्याच्यासमोर गरीब माणूस खरे बोलायलाही घाबरतो.

तिसरी अगती, मोह. पालीत मोह म्हणजे अज्ञान, वस्तुस्थिती जशी आहे तशी न दिसणे. कायद्याच्या सर्व पदव्या असूनही हे अज्ञान असू शकते. दोन प्रकरणे सांगतो, दोन्ही विदर्भातली, दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढची.

पहिले १९७२ चे मथुरा प्रकरण. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर रात्री पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद होती. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. पोलीस ठाण्यात, रात्री, अनोळखी पुरुषांपुढे एक पोरकी मुलगी निमूट राहिली, म्हणजे ती राजी होती असे होत नाही, हा फरक उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना दिसला. सर्वोच्च न्यायालयाला १९७८ मध्ये तो दिसला नाही व शिपाई सुटले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. शेवटी देशाचा कायदा नागपूरच्या त्या समजुतीच्याच जवळ आला. भीतीने गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे, हे आपल्या आया-बहिणींना कुठल्या पुस्तकाशिवाय कळते. न्यायमूर्तीला ते कळलेच पाहिजे.

दुसरे प्रकरण खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद ठरवली, आणि हा प्रकार जातीमुळे नसून सुडापोटी घडला हे मत कायम ठेवले. फाशी की कैद, हा वाद आम्ही बाजूला ठेवतो. जीव घेऊन जीव परत येत नाही. पण त्या गावात, त्या घरावर, त्या रीतीने सूड उगवण्याची हिंमत कुठून आली, या प्रश्नात जात दिसू नये, हे आम्हाला आजही समजलेले नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले. न्यायमूर्तींच्या हेतूवर आम्ही बोट ठेवत नाही. दिसणे आणि न दिसणे यात किती अंतर पडते, तेवढेच दाखवतो.

आपल्यातला, आदिवासींतला, कष्टकऱ्यांतला आणि स्त्रियांतला माणूस त्या आसनावर का हवा, याचे उत्तर हे आहे. त्याने आपल्याकडे झुकावे म्हणून नव्हे. विहिरीवरची वेगळी बाजू, मालकाच्या दारातली वेगळी कपबशी त्याने पाहिलेली असते. कोर्टाच्या खोलीत तीन-चार तरी अशी माणसे असली, की बाकीच्यांचेही डोळे उघडतात. आणि ज्याने पाहिलेले नाही त्याने विचारून, वाचून, फिरून शिकावे. तेही जमते, याचे उदाहरण पुढे देतो.

चौथी अगती, भय. महाराष्ट्रात निर्भय न्यायाधीशाला 'रामशास्त्री बाण्याचा' म्हणतात. नारायणराव पेशव्याच्या १७७३ मधील खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले, ही त्यांची निर्भयता आम्ही मान्य करतो. पण ज्या राज्यात आपल्या पूर्वजांच्या सावलीचाही विटाळ धरत, त्या राज्याचे ते न्यायाधीश होते. धर्मशास्त्राची जी चौकट होती तिच्यातच त्यांचा न्याय होता. निर्भयता एकटी पुरत नाही, हे त्यावरून कळते. तरी तिच्यावाचूनही चालत नाही. आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येते, असे मुंबईसह देशातील नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते सर्व उलटवले. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढच्याच वर्षी त्यांना डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश केले गेले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितले, की खन्ना यांचे म्हणणेच बरोबर होते. एक्केचाळीस वर्षे लागली. त्या नऊ उच्च न्यायालयांतील न्यायमूर्तींची नावे आज कुणाच्या ओठी नाहीत, पण सरकारची भीती न बाळगता त्यांनी सही केली होती.

या चारही अगती टाळून दिलेला न्याय कसा असतो? ते उदाहरण आपल्याच इतिहासात आहे आणि त्याची वाट आपल्या ठाण्यावरून गेलेली आहे. ते उदाहरण म्हणजे चवदार तळ्याचा दावा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला तळ्याचे पाणी हाती घेतले, हे आपल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पुढची कोर्टाची हकीकत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब व सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला. त्या महिन्यात परिषदेसाठी हजारो लोक महाडला जमले होते. मनात आणले असते तर तळे क्षणात गाठता आले असते. पण कोर्टाचा हुकूम आहे म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. न्यायालय आपल्या विरुद्ध असतानाही त्याचा मान राखायचा आणि त्याच न्यायालयात लढायचे, हा त्यांचा मार्ग. मनाई हुकूम १९२८ मध्ये उठला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. वादी अपिलात ठाण्याच्या कोर्टात आले, तिथे १९३३ मध्ये हरले. मग ते मुंबई उच्च न्यायालयात गेले.

१७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला. एक इंग्रज, एक पारशी. दोघांपैकी 'आपला' कुणीच नव्हता. ब्रूमफील्ड तर तेच, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. त्यांनी केले काय? वादी म्हणत होते, की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची चाल अनादी काळापासूनची आहे. न्यायमूर्तींनी विचारले: पुरावा? एवढे मोठे तळे, चार-पाच एकरांचे. नगरपालिका येण्यापूर्वी, भोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी तिथे कुणी कुणाला अडवत होते, हे कशावरून? अनादी चाल सिद्ध झाली नाही. अपील खर्चासह फेटाळले गेले.

या निकालात गोड शब्द नाहीत, आपल्याबद्दल कळवळाही फारसा नाही. अशी रूढी लोकहिताविरुद्ध आहे की काय, या प्रश्नात ते शिरलेच नाहीत. ते काम पुढे घटनेच्या कलम १७ ने केले. पण हजारो वर्षे ज्यांचे बोलणे हाच पुरावा समजला जाई, त्यांना दोन परक्या माणसांनी पुरावा मागितला. इंग्रजाच्या किंवा पारशाच्या घरी चवदार तळ्याचा विटाळ कुणी भोगला नव्हता, तरी तळ्याची, घरांची, वस्तीची वस्तुस्थिती त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली. काकांना आमचे उत्तर हेच: बलवानाकडून जो दुबळ्याइतकाच पुरावा मागतो आणि आपल्या निकालाची कारणे लिहून देतो, तो चांगला जज्ज.

या कथेला एक कडू बाजूही आहे. १९२७ चा दावा १९३७ मध्ये संपला. दहा वर्षे! म्हणून चार अगतींना आम्ही आमच्याकडून एक पुरवणी जोडतो: वेळेची जाण. आमच्या ओळखीच्या एका कामगाराला ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याने काढले होते. लेबर कोर्टाने कामावर घ्या म्हटले, मालक वरच्या कोर्टात स्टे मागायला गेला. न्यायमूर्तींनी मालकाच्या वकिलाला आधी एकच विचारले: या माणसाला कायद्याप्रमाणे दरमहा शेवटचा पगार चालू केला का? तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम १७-ब होते. प्रकरण वरच्या कोर्टात असेपर्यंत कामगाराला तो पगार मिळण्याची त्यात सोय होती. पैसे भरा, मग बोलू, असे झाले. प्रकरण पुढे चालतच राहिले, पण त्या घरची चूल विझली नाही व पोरीची शाळा सुटली नाही. तारीख देताना समोरच्याच्या घरचा महिना कसा जातो, हे ज्याच्या ध्यानात असते, तो न्यायमूर्ती. आमच्या कोलशेत रोडला एके काळी कारखान्यांचे भोंगे होते, आज तिथे टॉवर आहेत. थकलेल्या देण्यांची वाट बघत किती कामगार गेले, ते इथल्या घरांना विचारावे.

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. असे न्यायमूर्ती येतात कुठून? बहुतेक वकिलांतून येतात, उरलेले खालच्या न्यायालयांतून. म्हणजे आज वस्तीतली जी मुले-मुली कायदा शिकत आहेत, त्यांच्यातून पंचवीस वर्षांनी. आणि गरिबाचे मूल इथेच गळते. सनद मिळाल्यावर पहिली चार-पाच वर्षे हाती काहीच पडत नाही. आई-बाप म्हणतात, एवढे शिकवले, आता एखादी नोकरी धर. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठीही तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक ठरवली. म्हणजे तीही वाट त्याच कोरड्या वर्षांतून जाते. बाबासाहेबांची स्थिती काय वेगळी होती? १९२३ मध्ये वकिली सुरू करताना सनदेलाही पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली, म्हणून काम सुरू झाले. आज सनदेची फी तरी आटोक्यात आहे: जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार बार कौन्सिलने कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त घ्यायचे नाही, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपये. पण सनदेनंतरची भाकरी कोण देणार?

आमची विनंती अशी आहे. प्रत्येक विहाराने, प्रत्येक मंडळाने जयंतीच्या वर्गणीतला काही भाग बाजूला काढावा आणि वस्तीतल्या एका तरी नव्या वकिलाला तीन वर्षे रेल्वेचा पास, पुस्तके व दरमहा थोडी रक्कम द्यावी. डीजेच्या दोन भिंती कमी लागल्या तरी जयंती होते. या मदतीला एकच अट असावी: उद्या तू मोठा झालास, मोठी झालीस, तर आमच्या बाजूने निकाल दे असे आम्ही म्हणणार नाही; चार अगतींतून चालू नकोस एवढेच म्हणू. आणि ज्यांचे काम आज कोर्टात अडले आहे त्यांनी लक्षात ठेवावे: अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी १९८७ च्या कायद्याने मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तिथे जावे. कागद जपून ठेवावेत. पुरावा मागणारा न्यायाधीश हवा असेल, तर देण्यासाठी पुरावा आपल्याजवळही हवा.

आणि हे माप आधी घरात लावून पाहावे. मुलगा-मुलीच्या भांडणात आई कुणाकडे झुकते? सून-सासूच्या वादात वडीलधारे कुणाला घाबरतात? विहाराच्या हिशोबात चूक निघाली आणि ती आपल्याच गटाच्या माणसाची असली, तर आपण पावत्या मागतो का? घरात आणि विहारात आपण छंद-दोस-मोह-भय पोसले, तर तिथून उद्याचा न्यायमूर्ती कसा निघणार?

हा मजकूर छापण्याआधी आम्ही काकांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या कायद्याच्या मुलीकडे बघून म्हणाले, "पोरी, तुझ्या पासाचे पैसे या महिन्यापासून माझ्याकडे. पण उद्या जज्ज झालीस आणि माझ्याविरुद्ध निकाल दिलास, तर कारण लिहून दे बाई." ती हसली आणि "देईन काका" म्हणाली.

जयभीम! नमो बुद्धाय!